मास्तरांचा सेंटर हाफ

मास्तर माणसाला आधी पाठीकडून बघत. कुणी ओळख करून दिली की नमस्कार वगैरे राहायचा बाजूला, ते म्हणायचे, "जरा फिर बरं." नवा माणूस गोंधळून वळायचा आणि मास्तर त्याच्या मानेकडे, खांद्यांकडे, टाचांकडे इतका वेळ बघत राहायचे की आजूबाजूला उभ्या असलेल्यांनाच लाज वाटावी. माझंही त्यांनी हेच केलं. मी खाणीत हजेरीबाबू म्हणून नवाच लागलो होतो. पाठ बघून झाल्यावर म्हणाले, "लेफ्ट हाफ. सेंटर हाफ होणे नाई तुह्याच्यानं. वाईट नको वाटून घेऊ, बापा."

मी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. तरी मला वाईट वाटलं. पुढची सात वर्षं मी त्यांच्या टीममध्ये लेफ्ट हाफ खेळलो आणि ते वाईट वाटणं काही गेलं नाही.

मास्तर म्हणायचे सगळे, पण त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. चांद्याजवळच्या आमच्या कोळशाच्या खाणीत ते लॅम्परूममध्ये होते. पाळीवर खाली उतरणाऱ्या प्रत्येक मजुराच्या हातात दिवा द्यायचा आणि पाळी सुटली की परत घ्यायचा, एवढंच काम. दिवा परत देणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघत नसत. तो वळून चालायला लागला की बघत. "तोंड त कोनीबी हसरं ठेवते. थकवा पाठीत दिसते," असं त्यांचं म्हणणं. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. क्वार्टरमध्ये एक खाट, एक चूल आणि भिंतीला टांगलेले, शिवून शिवून दुप्पट जड झालेले दोन फुटबॉल. लॅम्परूममधून सुटले की मैदान, आणि मैदानावरून सुटले की फुटबॉलची बडबड.

मैदानावरची त्यांची तऱ्हा तर बघणाऱ्याला वेडेपणाच वाटायचा. आम्ही सराव करायचो आणि मास्तर मैदानाकडे पाठ करून बाभळीखाली दगडावर बसायचे. बाभळीकडे तोंड करूनच ओरडायचे, "हजेरीबाबू, झोपला का? तुह्या मागून माणूस निघून गेला!" आणि खरंच गेलेला असायचा. कुणाचे पाय कसे वाजतात, कोण दमला, कोण उगाच धावतोय, सगळं त्यांना ऐकू यायचं. बघायला आलेले लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "बॉलले काय पाह्यता? बॉल कुठी पळून नाई चालला."

सगळा जीव त्यांचा सेंटर हाफवर. बाकीचे दहा जण त्यांच्या हिशेबी कुठूनही आणता येण्यासारखे होते. मधला तो एक मात्र शोधावा लागतो, त्यासाठी माणूस म्हातारा झाला तरी चालेल, असं ते मनापासून मानत. "गोल मारणारा जेवणारा असते," ते म्हणायचे, "सेंटर हाफ वाढणारा पाह्यजे. ज्याले मान न वळवता समजते का शेवटच्या पानावर वरण नाई." आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. कुणाचं लग्न असो की तेरावं, मास्तर पंगतीत वाढणाऱ्यांवर नजर ठेवून असायचे. एकदा नागपूरकडचा एक नावाजलेला सेंटर हाफ स्वतःहून आमच्याकडे यायला तयार झाला. पायात बूट, बोलणं गोड, खेळ तर असा की आम्ही तोंडात बोटं घातली. मास्तरांनी त्याला जेवायला बोलावलं, आमच्यातल्या चौघांना शेजारी बसवलं आणि भाजीचं भांडं मुद्दाम त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं स्वतःला वाढून घेतलं आणि तो गप्पा मारत जेवला. आम्ही चौघं कोरडी भाकरी चावत राहिलो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला गाडीत बसवून दिलं. पुढं तो दुसऱ्या टीमकडून आमच्याविरुद्ध खेळला आणि त्यानं आम्हाला धू धू धुतलं. मास्तर म्हणाले, "खेळते चांगला. पण उपाशी ठेवते."

आठवडी बाजारात तर ते कुणाही अनोळखी माणसाच्या मागे चालू लागत. गर्दीतून तो कसा जातो, लोकांना ढकलतो की लोक आपोआप बाजूला होतात, ते बघायचं. एका बांगड्यावाल्याच्या मागे ते असेच अर्धा बाजार फिरले. त्यानं ओरडा केला आणि लोकांनी मास्तरांना चोर समजून बडवलं. मी सोडवायला गेलो तेव्हा ओठातून रक्त येत होतं आणि हे मला विचारत होते, "त्याची टोपली पाह्यली काय? येवढ्या गर्दीत एक बांगडी नाई फुटली!" असं हसण्यासारखं पुष्कळ आहे त्यांच्याबद्दल. पूर्वी मी हे किस्से रंगवून सांगायचो, आता अर्ध्यातच थांबतो.

खाणीच्या मॅनेजरसाहेबांना खेळाची हौस होती, त्याहून जास्त स्पर्धेतल्या शील्डची. त्यांनी वर्षाला एक नोकरी खेळाडूसाठी राखून ठेवली होती आणि माणूस निवडायचं काम मास्तरांवर सोपवलं होतं. त्या दिवसांत खाणीतली नोकरी म्हणजे काय होतं ते मला सांगायला हवं असं नाही. दारात लोक यायचे, पाया पडायचे. आणि मास्तरांनी लागोपाठ दोन वर्षं ती जागा रिकामी जाऊ दिली. आमच्या गोलकीपरचा भाऊ धडधाकट होता, घरी बसून होता. गोलकीपर रडला. मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुह्या भावाची पाठ चांगली हाय, पण त्याले मागचं ऐकू नाई येत." गोलकीपर महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मलाही राग आला होता. एका माणसाच्या हट्टापायी दोन घरांच्या चुली विझतात, हा कसला खेळ? तिसऱ्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी बजावलं की यंदा माणूस घ्या आणि शील्ड आणा, नाहीतर टीम बंद.

मास्तरांना त्यांचा माणूस सापडला तो मैदानावर नाही, शिकारीत.

मॅनेजरसाहेबांच्या पाहुण्यांसाठी मोहर्लीच्या बाजूला फाल्गुनात हाका लावला होता. दिवेकंदील आणि चहापाणी बघायला मास्तर आणि मी लॉरीतून गेलो होतो. हाक्यात एका बाजूनं माणसं ओरडत, डबे वाजवत जनावर मचाणाकडे हाकतात. दोन्ही कडांच्या झाडांवर एकेक माणूस बसवतात, जनावर कडेनं निसटायला लागलं तर त्याला वळवायला. मास्तर हट्टानं अशाच एका माणसाबरोबर झाडावर चढले. मी शेजारच्या फांदीला जीव मुठीत धरून. तो माणूस जवळच्या गावातला गोंड, सुकरू त्याचं नाव, वय पंचवीसच्या आतबाहेर. हाका सुरू झाला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. मग त्यानं हलकेच मागच्या बाजूला बोट केलं आणि थोड्या वेळानं खरोखरच तिथून वाघ आला. सुकरूनं ओरडा केला नाही. नखानं खोडावर दोनदा टिचकी मारली. वाघ थांबला, आणि काही आठवल्यासारखा शांतपणे वळून मचाणाकडे चालू लागला.

पाहुण्यांचा नेम चुकला. वाघ दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेतून निघून गेला. मग सगळे सुकरूच्या बापावर उखडले, कारण माणसं त्यानं आणि सुकरूनं बसवली होती. तिथं जागा मोकळी का सोडली? सुकरू म्हणाला, "त्याले एक वाट ठेवा लागते, साहेब. वाट नाई ठेवली त तो माणसातून वाट करते."

मी मास्तरांकडे पाहिलं. म्हातारपणी मुलगा झालेल्या बापाचा चेहरा असतो तसा त्यांचा झाला होता. ते सुकरूच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याची पाठ बघू लागले.

म्हाताऱ्याला फुटबॉल म्हणजे काय ते समजावताना मास्तरांची दमछाक झाली. शेवटी त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं, की मी तुझ्या मुलाचं साल धरतो. आमच्याकडे गडी पाडव्याला मालकाकडे वर्षभराच्या चाकरीचं साल धरतो आणि पुढच्या पाडव्याला सोडतो. मध्येच साल मोडलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. ज्या मालकानं ठेवलं त्यानंच "तुझं साल फिटलं" म्हटलं तरच गडी मोकळा होतो. म्हातारा बोटानं जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "पोरगा खाली नाई उतरणार, मास्तर. आमी मेल्यावरच जमिनीत जातो."

"नाई उतरणार," मास्तर म्हणाले. "माह्याजवळ लॅम्परूममंदी राहीन. माहा शब्द."

त्या वर्षी आम्ही कसे खेळलो ते आठवलं की अजून अंगावर मूठभर मांस चढतं, आणि लगेच उतरतंही. सुकरू अनवाणी खेळायचा. बॉल त्याच्याकडे फार वेळ नसायचाच. तो मध्ये उभा राहायचा आणि समोरून कुणी वेगानं आला की अंगावर जायचा नाही, एका बाजूनं वाट मोकळी ठेवायचा. समोरचा आनंदानं त्या वाटेनं जायचा आणि कडेला आमच्यापैकी कुणीतरी वाट बघत असायचं. मला तर तो मागे न बघता बोलवायचा, "बाबू, डावीकडे," आणि मी डावीकडे गेलो की बॉल माझ्या पायाशी. मी चांगला खेळाडू आहे असं मला आयुष्यात फक्त त्या पावसाळ्यात वाटलं. मास्तर बाभळीखाली पाठ करून बसलेले असायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत असायचं. दिवसा लॅम्परूममध्ये दोघं शेजारी बसून दिव्यांच्या काचा पुसायचे. बोलायचे फार कमी.

शील्डची फायनल पौषात, चांद्याच्या जुन्या परकोटाच्या भिंतीबाहेरच्या मैदानावर झाली. समोर नागपूरकडची टीम. दोन्हीकडे एकेक गोल, खेळ संपायला थोडाच वेळ. त्यांचा सेंटर फॉरवर्ड उंचापुरा होता, पण त्याची भुवई फुटली होती आणि गुडघा धरून लंगडत होता. तो बॉल घेऊन आमच्या गोलजवळ आला आणि आम्ही तिघांनी त्याला घेरलं. बॉल काढून घेणं अवघड नव्हतं. पण वर्षभर दाबून ठेवलेली मस्ती त्या क्षणी आमच्या अंगात आली. आमच्या राइट हाफनं त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर लाथ घातली, मी कोपर मारलं. त्या माणसानं डोळे फिरवले आणि तो बॉल सोडून आमच्याच पायांवर लाथा झाडू लागला.

मागून सुकरू ओरडला, "सोडा! वाट द्या त्याले!"

वर्षभर आम्ही त्या आवाजावर हललो होतो. मी सरकलो, बाकीचे दोघंही सरकले. मध्ये मोकळी जागा झाली, त्या माणसानं लंगडत बॉल पुढे नेला आणि गोलमध्ये ढकलला. गोलकीपर जागचा हललाही नाही. तो माझ्याकडे बघत होता. मैदानावर आधी कुणालाच कळलं नाही की काय झालं, आणि कळलं तेव्हा जो गलका झाला त्यात आम्ही हरलो होतो.

मॅनेजरसाहेब सगळ्यांदेखत सुकरूला म्हणाले, "किती पैसे घेतले?" सुकरूला प्रश्नच समजला नाही. तो मास्तरांकडे वळून म्हणाला, "त्याचे डोळे तसे झाले होते, मास्तर. अजून दाबलं असतं त कोनाचा तरी पाय गेला असता."

"बरोबर केलं तू," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. ज्या गुणासाठी निवडला त्याच गुणानं हरवलं, यात रागवायचं तरी कुणावर?

दोन दिवसांनी हुकूम निघाला. टीमला अजून एक वर्ष मिळालं, मास्तरांनी साहेबांचे पाय धरले म्हणून. पण सुकरूला लॅम्परूममधून काढून खाली पाठवायचं ठरलं. त्याचं नाव वरच्या हजेरीतून कापून खालच्या हजेरीत मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

सुकरू मास्तरांच्या क्वार्टरवर आला. मी तिथंच होतो. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. "मास्तर, मले खाली जा म्हणून राह्यले."

"हो."

"मंग जाऊ?"

त्याला हवे होते दोन शब्द. साल फिटलं. एवढं मास्तर म्हणाले असते तर तो त्याच पावली मोहर्लीची वाट धरून घरी गेला असता, मान वर ठेवून. मास्तरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि त्यांना हेही माहीत होतं की एकदा गेला की तो परत येणार नाही. ते भिंतीवरच्या फुटबॉलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाडव्याले तीनच महिने हायत. येवढे काढ. पाडव्यानंतर मी तुले वर आणतो. मंग पावसाळा आपलाच हाय."

सुकरू "बरं" म्हणाला आणि गेला. त्या वेळी मीही काही बोललो नाही. मला अजून एक पावसाळा हवा होता. हे मी आज कबूल करतो, पण आज करून कुणाला काय मिळणार?

रोज पहाटपाळीला मास्तर स्वतःच्या हातानं सुकरूला दिवा द्यायचे. सुकरू तो घ्यायचा, पायऱ्यांकडे जायचा, आणि मास्तर त्याची पाठ बघायचे. पंधरा दिवसांत त्यांनी लॅम्परूममध्ये खुर्ची फिरवून घेतली. दिवे देताना ते आता भिंतीकडे तोंड करून बसायचे.

शिमग्याच्या आधी खाली सुरुंग उडाला तेव्हा सुकरू त्याच्या फार जवळ होता. हातपाय शाबूत होते, बाहेरून खरचटलंसुद्धा नव्हतं. उजव्या कानातून थोडं रक्त आलं, एवढंच. डॉक्टरांनी बोळा घातला आणि दोन दिवसांची सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला बाजूनं हाक मारली. तो तसाच पुढे चालत राहिला. मास्तरांनी पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं. शेवटी कुणीतरी त्याला हात लावून थांबवलं तेव्हा तो सगळं अंग वळवून आवाज कुठून आला ते शोधू लागला.

पाडव्याच्या दिवशी मास्तरांनी त्याला नवं धोतर दिलं आणि म्हणाले, "तुहं साल फिटलं, बापा." त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं.

चैत्र संपत आला होता. मोहर्लीकडून लाकडाच्या गाड्या यायच्या, त्यातल्या एका गाडीवानानं बातमी आणली. आदल्या दिवशी सकाळी मोहफुलं वेचताना अस्वलानं सुकरूला धरलं. मोहफुलांवर अस्वलं येतातच, तिथली पोरंसोरंही कान टवकारून वेचतात. अस्वल त्याच्या उजव्या बाजूनं आलं. शेजारच्या झाडाखालच्या बाईनं ऐकलं, ती ओरडली, पण तिचं ओरडणंही त्याला उशिरा कळलं. संध्याकाळपर्यंत होता, मग गेला.

मास्तर दिवा पुसत होते. पुसत राहिले. काच त्यांच्या हातात फुटली तरी फडकं फिरत होतं, मी जाऊन हात धरला तेव्हा थांबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. शेवटचे काही कोस पायीच. गावात शिरलो तर गाव सुनं वाटलं. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, म्हाताऱ्या बाया, नागडी लेकरं, दोनचार म्हातारे. सुकरूची बायको आमच्याकडे न बघता आत गेली. त्याच्या म्हाताऱ्या बापानं खाट टाकली, पाणी दिलं. मास्तर खाटेवर बसले नाहीत, त्याच्या समोर जमिनीवर बसले.

"मी शब्द मोडला," मास्तर म्हणाले. "मी त्याले मोकळं करू शकत होतो. नाई केलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. रागानं नाही. त्याला हे आधीच माहीत असावं, सुकरूनं सांगितलं असेल किंवा न सांगताही कळलं असेल.

"मले काई त बोल," मास्तर म्हणाले. "शिवी दे. मार."

म्हातारा म्हणाला, "पाणी प्या."

मास्तर पाणी प्यायले नाहीत. कुठंतरी बघायला हवं म्हणून ते गावाकडे बघू लागले आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "गावातले पोट्टे कुठी गेले सारे? मोहावर?"

"नाई. मोह सकाळीच झाला."

"मंग?"

पाहुण्याला असं सांगू नये असं म्हाताऱ्याला वाटत असावं. शेवटी म्हणाला, "तुमी येतांना दुरून दिसले. त पोट्टे रानात निघून गेले."

"काऊन?"

"तुमी पाह्यता ना, मास्तर," म्हातारा म्हणाला. "म्हणून."

परतताना मास्तर पुढे होते आणि मी मागे. वाटेत बाजाराला निघालेली बरीच माणसं भेटली, आम्हाला ओलांडून पुढे गेली. मास्तरांनी एकाच्याही पाठीकडे मान वर करून पाहिलं नाही.